साहेबांनी सोडलं नाही

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, बर्फात एका डब्यातून ज्यांच्याबरोबर जेवलो त्या दोस्तांनाही नाही. सांगायचंच नाही असं ठरवून इतकी वर्षं काढली — आणि ती बरी गेली, हेच तर वाईट. आता अठ्ठ्याहत्तर चालू आहे. गुडघे गेले, एक कान गेला, पण ही एक गोष्ट काही जात नाही. तेव्हा बसा जरा. मी घोळ घालत बोलतो, पण मुद्द्यावर येईन.

मुलुंडला पूर्वेला आमची सोसायटी आहे. तिथे मला सगळे मेजरसाहेब म्हणतात. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन माझ्या हस्ते. मग सेक्रेटरी माइक हातात घेतो आणि सांगतो की ह्या माणसाने घरदार विसरून देशाची सेवा केली. घरदार विसरून! टाळ्या पडतात. शेजारच्या खुर्चीवर वृंदा बसलेली असते — माझी बायको. तिलाही शाल-श्रीफळ देतात, कारण फौजीच्या बायकोने किती सोसलं. ते खरं आहे. तिने सोसलं. कुणामुळे सोसलं, ते मात्र त्या माइकवरून कधी सांगितलं जात नाही. मी नारळ घेतो, हात जोडतो, आणि समोसा खाऊन घरी येतो.

मी लष्करात इंजिनिअर होतो. वडील गिरणीत, मूळचे मालवणकडचे. घाटकोपरच्या चाळीत दोन खोल्यांत आम्ही वाढलो. त्या चाळीतून इंजिनिअर होऊन थेट फौजेत अधिकारी झालेला मी पहिलाच. पहिल्यांदा युनिफॉर्म घालून आलो तेव्हा आईने गॅलरीत उभं करून माझी दृष्ट काढली आणि खालून अख्खी चाळ बघत होती. माझी छाती अशी फुगली होती की बटणं तुटायची बाकी.

आमचं काम पुलांचं. डोंगरातला नाला, खाली पाणी धो-धो, पलीकडे आपलीच माणसं अडकलेली — तिथे लोखंडी चौकटी एकमेकींना जोडायच्या आणि सगळा सांगाडा ह्या काठावरून पुढे ढकलत ढकलत त्या काठाला टेकवायचा. मध्ये खांब नाही, आधार नाही. आणि आमच्या युनिटची एक रीत होती. पुलावरून पहिला भरलेला ट्रक जायचा तेव्हा तो पूल ज्याच्या हाताखाली झाला तो अधिकारी पुलाच्या मधोमध उभा राहायचा. पूल गेला तर तोही गेला. मी कितीतरी वेळा तसा उभा राहिलो. पायाखालची फळी थरथरते, ट्रक अंगाला घासून जातो, ड्रायव्हर तुमच्याकडे बघतसुद्धा नाही. मला कधी भीती वाटली नाही. खरंच नाही वाटली.

हे का सांगत बसलोय? म्हणजे तुम्ही मला भित्रा समजू नये म्हणून. बघा — आजही, हे सांगायला बसलो तरी, आधी स्वतःची लाल केल्याशिवाय पुढे जाता येत नाही मला.

आम्हाला एक मुलगी होती. कागदोपत्री नाव वेगळं, पण आई तिला बायो म्हणायची, म्हणून सगळेच बायो म्हणायचे. जन्मताना गुदमरली. पुढे डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूला मार बसलाय. ही बसणार नाही, चालणार नाही, बोलणार नाही. मान धरायची नाही. हातपाय कधी ताठ, कधी लुळे. मध्येच फिट यायची. पण हसायची हो! कुकरची शिट्टी झाली की हसायची. आजोबा जिना चढायला लागले की त्यांच्या पावलावरून ओळखायची आणि सगळं अंग हलवायची. आणि मी रजेवर आलो, तिला मांडीवर घेतलं, की माझ्या शर्टाचं बटण मुठीत धरायची. एकदा धरलं की धरलं. मला उठायचं असलं की तिची बोटं एकेक करून सोडवावी लागायची. मी सोडवायचो.

वृंदा तिला भरवायची ते बघवत नसे. भात-वरण कालवून अगदी लापशीसारखं करायचं, तिची मान आपल्या कोपराच्या घडीत घट्ट धरायची, आणि चमच्याच्या टोकावर येईल एवढंच तोंडात. अर्धं बाहेर. मग ठसका. ठसका लागला की बायो निळी पडायची, वृंदा तिला उपडी करून पाठ थोपटायची, आई देवाचं नाव घ्यायची. पुन्हा चमचा. असं दिवसातून तीनदा, चारदा. आणि मी? मी तेव्हा पेपर वाचायचो. उघडा धरून बसायचो, वाचलं काहीच नाही.

एकदा रजेत वृंदा भाजी आणायला खाली उतरली आणि आई देवळात गेलेली. घरात मी आणि बायो. ती माझ्या मांडीवर असताना तिला फिट आली. तुम्ही बघितली नसेल तर सांगून कळणार नाही. डोळे वर गेले, दात घट्ट, अंग असं काही वाकलं — मी तिला चटईवर ठेवलं. आणि बाहेर गॅलरीत गेलो. दार लोटून घेतलं. खाली पोरं गोट्या खेळत होती, ती बघत उभा राहिलो. आतून तिच्या टाचा जमिनीवर आपटत होत्या, ते ऐकू येत होतं. शेजारच्या काकू आवाजाने धावत आल्या, मला म्हणाल्या, "अरे, मेल्या, बाहेर काय करतोस?" आणि आत जाऊन त्यांनी तिला कुशीवर वळवलं. मी म्हणालो, पाणी आणायला निघालो होतो. माझ्या हातात तांब्या नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी वृंदाला सांगितलं की युनिटने परत बोलावलंय. कुणीही बोलावलं नव्हतं. उरलेली रजा मी पठाणकोटच्या एका ट्रान्झिट कॅम्पमध्ये, जाता-येता फौजी उतरतात तिथे, झोपून काढली. त्या खाटेवर पडल्यावर मला किती बरं वाटलं, सांगू? लाज नाही वाटली. बरं वाटलं.

पण हा कबुलीजबाब त्या गॅलरीचा नाही. घाबरतो माणूस, एकदा पळतो. मी त्यानंतर जे केलं ते डोकं शांत ठेवून केलं.

फौजेत एक सोय असते. घरी असं मूल असेल तर अधिकाऱ्याला अर्ज करता येतो. मोठ्या मिलिटरी हॉस्पिटलच्या जवळ बदली मिळते, राहायला क्वार्टर मिळतं, बायको-मुलांना घेऊन राहता येतं. आमचे सीओ — कमांडिंग ऑफिसर, कर्नलसाहेब — जम्मूकडचे. त्यांचं नाव मी इथे घेत नाही, माझ्या तोंडी ते शोभणार नाही. कडक माणूस, पण कुणाच्या घरी काय चाललंय ते त्यांना पाठ. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "तुम्हारी बच्ची का सुना. अर्जी दे दो, मैं आज ही साइन करके भेजता हूँ. पुणे में जगह है." मी विचारलंही नव्हतं. त्यांनी आपण होऊन बोलावलं होतं.

पुणं! घाटकोपरहून गाडीने चार तास. वृंदा, बायो, मी, एक क्वार्टर. रोज सकाळी तो चमचा, तो ठसका. संध्याकाळी परत आलो की दार उघडायचं आणि आत ती. रोज.

मी ताठ उभा राहून म्हणालो, "सर, घर पे सब सँभाल लेते हैं. मेरी वाइफ भी कहती है, ड्यूटी पहले." वृंदाने असं कधी म्हटलं नव्हतं. कर्नलसाहेब माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सोच लो." मी म्हणालो, "सोच लिया, सर." त्यांना वाटलं, काय जिगरबाज अधिकारी आहे.

आणि पुढच्या रजेत घरी काय सांगितलं? वृंदाने कुठून तरी ऐकलं होतं की अशी बदली मिळते. तिने विचारलं. किती आशेने विचारलं! मी म्हणालो, "अर्ज केला होता. साहेबांनी सोडलं नाही."

संपलं. चार शब्द बोललो आणि सुटलो.

वृंदा रडली नाही. "बरं" म्हणाली आणि बायोचं तोंड पुसायला वळली. आई मात्र पेटली. चाळभर सांगत सुटली, "माझ्या झिलाक सायेब सोडीना गो! त्येच्या घरात पोरां नाय काय?" तिच्याबरोबर अख्ख्या चाळीने त्या माणसाला शिव्या घातल्या. आणि मी चहा पीत बसून म्हणायचो, जाऊ दे गं आई, फौजेत असंच असतं.

ते एक वाक्य मला पुढे वर्षानुवर्षं पुरलं. युनिटं बदलली, साहेब बदलले, पण घरी मी तोच एक साहेब ठेवला. दर रजेला वृंदा विचारायची, परत अर्ज केलात? मी म्हणायचो, केला. काय म्हणाले? तेच. मग तिने विचारणं सोडलं. ज्या पोस्टिंगवर कुटुंब नेता येत नाही त्या मी मागून घेतल्या. लोक चुकवतात, मी मागितल्या. त्याबद्दल मला शाबासकी मिळाली, बढती मिळाली. सांगा, कुठल्या माणसाला घरातून पळून जायची बढती मिळते?

बायो नऊ वर्षांची होऊन गेली. घास छातीत उतरला, न्यूमोनिया झाला. माझ्या वडिलांनी तिला खांद्यावर टाकून जिना उतरवला. तेव्हा गिरणी बंद पडून ते घरीच होते आणि तिचं सगळं तेच उचलायचे-ठेवायचे. वृंदा अनवाणी मागून धावली. मी तेव्हा एका पुलावर होतो. मी पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. वृंदा भिंतीला टेकून बसली होती. मला बघून एवढंच म्हणाली, "तुमच्या साहेबांनी सोडलं असतं तर तुम्ही भेटला तरी असता तिला." तिने मला दोष नाही दिला. माझी कीव केली तिने.

आणि मग मी बदली मागितली. हो! बायो गेल्यावर. लगेच मिळाली — पुण्याचीच. वृंदाला वाटलं, आता कुठे त्या साहेबाला दया आली. पुण्यात एकदा कामानिमित्त मिलिटरी हॉस्पिटलमध्ये गेलो होतो. एका वॉर्डात अशीच मुलं होती. एक बाई त्यांच्या आयांना शिकवत होत्या, अशा मुलाला आडवं धरून भरवायचं नसतं, ताठ बसवून भरवायचं, हनुवटी थोडी खाली, म्हणजे घास छातीत जात नाही. त्यासाठी एक खुर्ची होती. लाकडी, साधी. मानेला दोन्ही बाजूंनी उशा, छातीला पट्टा. मी तिथे उभा राहून तिचे सांधे बघितले. नदीवर पूल टाकणारा माणूस मी. ती खुर्ची मी एका दुपारीत केली असती. बायो तिच्यात बसून जगली असती की नाही, कुणास ठाऊक. पण ती खुर्ची असते एवढं तरी तिच्या आईला कळलं असतं. ते मी तिला आजवर सांगितलेलं नाही.

पुढे मिलिंद झाला. फौज सोडली, अंधेरीतल्या एका कंपनीत पुलांचंच काम केलं, मुलुंडला घर घेतलं, मिलिंदचं लग्न झालं, तो आता नाहूरला असतो, नातीला मी गणित शिकवतो. चांगला बाप झालो, आजोबाही बरा आहे. विचारा कुणालाही. हे ऐकून तुमचा राग कमी व्हावा असं नाही. उलट, मला जमत होतं, तर तिच्याच वेळी का नाही जमलं — हे मी स्वतःला विचारतो, आणि उत्तर मला ठाऊक आहे.

आता शेवटचं. ह्यासाठीच बसवलं तुम्हाला.

दहा-बारा वर्षांपूर्वी कर्नलसाहेबांचा फोन आला. पवईला मुलाकडे आले होते, ऐंशी उलटलेली. म्हणाले, भेटायला येतो, तुझ्या घरचा चहा पितो. नाही कसं म्हणणार? आले. अंगाने सुकले होते, पण पाठ तशीच सरळ. वृंदाला मी सांगितलं होतं, कर्नलसाहेब येतायत. आमच्या दारात पोस्टमन आला तरी वृंदा पाण्याचा ग्लास घेऊन येते. त्या दिवशी ती पाणी घेऊन आली नाही. ते सोफ्यावर बसले, मी हवापाण्याच्या गप्पा मारतोय, आणि स्वयंपाकघरातून काहीच आवाज नाही. मग ती बाहेर आली. रिकाम्या हाताने. तिचं हिंदी म्हणजे भाजीवाल्याशी बोलायचं हिंदी. पण बोलली.

"साहब, एक बात पूछनी है. मेरे मिस्टर ने कितनी बार अर्जी दिया. आपने छोड़ा नहीं. क्यों नहीं छोड़ा? मेरी लड़की ऐसे ही चली गई, बाप को देखे बगैर. आपका क्या जाता था?"

बायो गेली तेव्हा जे रडली नव्हती ते सगळं तेव्हा आलं.

कर्नलसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. त्यांना सगळं कळलं. मी बघितलं त्यांना कळताना. त्या क्षणी मला तोंड उघडायचं होतं. फक्त एवढंच म्हणायचं होतं — वृंदा, अर्ज केलाच नव्हता. शब्द अगदी जिभेवर होते. ते थांबले, मला पुरता वेळ दिला त्यांनी. आणि मी काय केलं? मी टीपॉयवरचा पेपर नीट घडी करून ठेवला.

मग तो ऐंशी वर्षांचा माणूस गुडघ्यांवर हात टेकून उठला आणि माझ्या बायकोपुढे हात जोडून म्हणाला, "बेटी, मुझसे गलती हुई. माफ कर देना."

इथपर्यंतही कदाचित भेकडपणा म्हणून सोडता आलं असतं. पण मी आणखी पुढे गेलो. मी उठलो, वृंदाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि म्हणालो, "जाऊ दे गं आता. त्यांचाही नाइलाज असेल."

मी. त्यांच्या वतीने. तिची समजूत घातली.

चहा झालाच नाही. मी त्यांना सोडायला खाली गेलो. गेटपाशी मी रिक्षाला हात केला, तर त्यांनी माझा हात खाली केला. म्हणाले, "मैंने तुम्हारे लिए नहीं कहा. उस औरत के लिए कहा. उसको इसी घर में रहना है." स्वतः रिक्षा थांबवली आणि गेले. पुन्हा कधी फोन केला नाही. मीही केला नाही.

गेल्या वर्षी ते वारले. युनिटच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर बातमी आली, हार घातलेला फोटो आला. वृंदा टेबलावर पेपर पसरून मेथी निवडत होती. मी सांगितलं. तिने हातातली जुडी बाजूला ठेवली. मग उठली, हात धुतले, देवापुढे निरांजन लावलं, आणि परत येऊन बसली.

"मी त्यांना माफ केलं हो," ती म्हणाली. "किती वर्षं वाईट चिंतलं त्या माणसाचं. पण त्या दिवशी हात जोडले ना त्यांनी माझ्यापुढे. एवढा मोठा अधिकारी. स्वतःची चूक अशी तोंडावर कबूल करायला छाती लागते. कोण करतं?"

मी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला.

"तुम्हीपण करा माफ," ती म्हणाली. "तुमचीही लेक होती. मनात ठेवू नका आता."

मी म्हणालो, "केलं."

तिने ओल्या हाताने माझा हात थोपटला. "तुमचं मन मोठं आहे," ती म्हणाली. मग तिने अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली, आणि मी तिच्यासमोर बसून मेथी निवडायला लागलो.